ई-मेलचे कुलूप सर्वांच्या हाती यावे

(मुंबईच्या उपनगरांतील शासकीय कर्मचारी व शिक्षक, तसेच शेजारच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांतील पंचायत सदस्य यांच्यासाठी अंधेरी येथे भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजचा विषय संगणकाचा असला, तरी मी संगणकतज्ज्ञ नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून माहिती पोहोचविणे हे माझे काम आहे. मात्र माहिती जेथे पोहोचू नये तेथे ती पोहोचली म्हणजे काय होते, याचा एक अनुभव मला आला. म्हणूनच हा विषय मी मागून घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी मी उपनगरातील एका कार्यालयात होतो. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची एक यादी तपासणीसाठी माझ्याकडे आली. तीत दीडशेहून अधिक मुलामुलींची नावे, पालकांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक व बँक खात्यांचे क्रमांक होते. ही यादी मला शेजारच्या कार्यालयातील एका सहकाऱ्यास पाठवावयाची होती. ई-मेलमध्ये त्यांच्या नावाची पहिली दोन अक्षरे टंकित करताच पुढचा पत्ता संगणकाने आपण होऊन भरला आणि मी न पाहता कळ दाबली. तो पत्ता सहकाऱ्यांचा नव्हता. ज्या वृत्तपत्रांना आम्ही प्रसिद्धिपत्रके पाठवीत असू, त्या सर्वांच्या पत्त्यांचा तो गट होता.

त्या दुपारी मी एकेका वृत्तपत्राला दूरध्वनी करून तो ई-मेल काढून टाकण्याची विनंती केली. सर्वांनी समंजसपणा दाखविला. एक अक्षरही छापून आले नाही. दुसऱ्या दिवशी ज्या शाळेतून यादी आली होती तेथील मुख्याध्यापिका बाईंना मी हा प्रकार सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, त्या यादीत एक मुलगी आहे. तिची आई मुलीला घेऊन नवऱ्यापासून दूर, पत्ता न सांगता राहते. नवा पत्ता फक्त शाळेला ठाऊक आहे. तो तुमच्या यादीत होता."

सुदैवाने पुढे काही विपरीत घडले नाही. परंतु ते पत्रकार बंधूंच्या सौजन्यामुळे; माझ्या दक्षतेमुळे नव्हे. यादीला कुलूप असते, तर ती चुकीच्या पन्नास ठिकाणी पोहोचूनही कोणाला वाचता आली नसती. असे कुलूप उपलब्ध आहे, ते विनामूल्य आहे, आणि ते बरीच वर्षे उपलब्ध आहे. मग ते मी का लावले नाही, आणि आपल्यापैकी बहुतेक जण का लावीत नाहीत, याचा आज विचार करावयाचा आहे.

जुहू ते पवई

या विषयाचा आरंभ आपल्या उपनगरांतूनच करता येतो. १९८५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एन.सी.एस.टी., जुहूला होते. डॉ. एस. रमणी हे त्याचे प्रमुख होते. पवईला भारतीय तंत्रज्ञान संस्था होतीच. १९८६-८७ च्या सुमारास या दोन संस्थांमध्ये साध्या दूरध्वनीच्या तारेवरून संगणकीय पत्रव्यवहार सुरू झाला. 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याचे ते पहिले धागे होते. भारतातील ई-मेलच्या इतिहासात जुहू आणि पवई यांमधील या दहा-बारा किलोमीटरांना मानाचे स्थान आहे. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. २००३ साली एन.सी.एस.टी. ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

त्या आरंभीच्या काळात ई-मेल वापरणारे थोडेसे संशोधक होते आणि ते एकमेकांना ओळखत होते. पत्र उघडे आहे की बंद, याची कोणाला चिंता नव्हती. ई-मेलची रचना याच विश्वासावर झाली. आज त्याच रचनेवरून शिष्यवृत्तीच्या याद्या, वैद्यकीय दाखले, जमिनीची कागदपत्रे आणि तक्रारदारांची नावे जातात. वापर बदलला, परंतु मूळ रचना पुष्कळशी तशीच राहिली.

उघडे कार्ड, बंद पिशवी

साधा ई-मेल हा पोस्टकार्डासारखा असतो, असे म्हणतात. आज ही उपमा थोडी सुधारून घ्यावी लागेल. मोठ्या सेवांमध्ये एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे जाताना ई-मेल आता बहुधा बंद पिशवीत जातो. वाटेत पिशवी फोडणे सोपे नाही. परंतु प्रत्येक टपाल कचेरीत ती पिशवी उघडली जाते आणि आतले कार्ड मात्र उघडेच असते. पाठविणाऱ्याच्या सेवेत, घेणाऱ्याच्या सेवेत, दोघांच्या साठ्यात, आणि चुकून ज्याला गेले त्याच्याही हाती ते वाचनीय स्वरूपात राहते. एखाद्याचा पासवर्ड चोरीस गेला, तर चोराला दहा वर्षांचा सगळा पत्रव्यवहार एकदम मिळतो.

गोपनीय कागद कसा पाठवावा हे आपल्या कार्यालयांना नवीन नाही. आतल्या पाकिटावर 'गोपनीय' असा शेरा, त्यावर लाखेची मोहोर, बाहेर दुसरे साधे पाकीट, आणि उघडण्याचा अधिकार केवळ नाव लिहिलेल्या अधिकाऱ्याला. आवक-जावक लिपिकाने बाहेरचे पाकीट फोडावे, आतले नाही, हे शिपायालाही ठाऊक असते. ई-मेल कूटबद्ध करणे, ज्याला इंग्रजीत एन्क्रिप्शन म्हणतात, म्हणजे हे आतले पाकीट होय. कागदाच्या बाबतीत आपण जी शिस्त पाळली, ती संगणकाच्या बाबतीत सोडून दिली.

टपालपेटीची युक्ती

हे आतले पाकीट कसे बनते, ते थोडक्यात सांगतो. रस्त्यावरील लाल टपालपेटी आपण पाहतो. तीत पत्र कोणीही टाकू शकतो. परंतु पेटी उघडण्याची किल्ली टपाल खात्याच्या माणसाकडेच असते. १९७६ साली डिफी व हेलमन या अमेरिकन संशोधकांनी गणिताच्या साहाय्याने अशीच व्यवस्था सुचविली आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात उतरविण्याची एक पद्धत शोधली. प्रत्येक व्यक्तीजवळ दोन किल्ल्या असतात. एक सार्वजनिक, ती सर्वांना वाटावयाची. तिने कोणीही आपल्यासाठी पत्र बंद करू शकतो. दुसरी खासगी, ती कोणालाही द्यावयाची नाही. पत्र उघडते ते केवळ तिनेच.

१९९१ साली फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थांनी ही पद्धत सामान्य माणसाच्या संगणकावर आणली आणि तिला 'पी.जी.पी.' असे नाव दिले. अमेरिकन शासनाने निर्यात कायद्याखाली त्यांची चौकशी केली व ती जानेवारी १९९६ मध्ये सोडून दिली. पुढे याच पद्धतीचे 'जी.एन.यू.पी.जी.' हे विनामूल्य साधन तयार झाले. म्हणजे कुलूप तीस वर्षांहून अधिक काळ बाजारात आहे आणि त्याची मजबुती जगातील गणितज्ञांनी तपासलेली आहे.

साधन आहे, पण सापडत नाही

त्या प्रसंगानंतर मी हे साधन शिकण्याचे ठरविले. पहिली संध्याकाळ केवळ नाव शोधण्यात गेली. पी.जी.पी., ओपनपीजीपी, जीपीजी, एस-माइम अशी नावे पुढे आली. त्यांपैकी पद्धत कोणती आणि ती वापरावयाचे साधन कोणते, हेच उमगेना. कोणते उतरवून घ्यावे, कोणते अस्सल, कोणते फसवे, हे सांगणारे मराठीत काही हाती लागले नाही. दुसऱ्या संध्याकाळी एक साधन बसविले. त्यात 'की-रिंग', 'ट्रस्ट', 'फिंगरप्रिंट', 'रिव्होकेशन' अशा शब्दांची एक फौज उभी राहिली. तिसऱ्या संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने सहकाऱ्याला माझी किल्ली पाठविली. थोड्या वेळाने त्यांचा दूरध्वनी आला : "साहेब, पेटी पाठवायची होती. तुम्ही पेटीची चावीच पाठविलीत!" मी खासगी किल्ली पाठविली होती. सगळे पुसून पुन्हा आरंभ करावा लागला.

आपण मंदबुद्धी आहोत अशी माझी समजूत झाली होती. पुढे वाचनात आले, की १९९९ साली अल्मा व्हिटन व जे. डी. टायगर या अमेरिकन संशोधकांनी याचीच परीक्षा घेतली होती. ई-मेल वापरण्यास सरावलेल्या १२ सुशिक्षित व्यक्तींना त्यांनी पी.जी.पी. दिले आणि एक गुप्त संदेश बंद करून पाठविण्यासाठी ९० मिनिटे दिली. बहुसंख्य व्यक्तींना ते जमले नाही. तिघांनी तर गुप्त संदेश चुकून उघडाच पाठविला. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲडोबी या नामांकित कंपनीच्या सुरक्षा विभागाकडूनही सार्वजनिक किल्लीसोबत खासगी किल्ली जगजाहीर झाली. ज्यांचा व्यवसायच सुरक्षेचा, त्यांच्याकडून हे घडते, तर जुने टपाल सांभाळणाऱ्या आपल्या लिपिकाला दोष कसा द्यावा? दोष साधनाच्या घडणीत आहे, आणि ते साधन लोकांपर्यंत नीट न पोहोचविणाऱ्या आपल्या व्यवस्थेतही आहे.

हे काही नवे ज्ञान नाही. १८८३ साली फ्रान्समध्ये ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने लष्करी गुप्तलेखनासाठी सहा अटी सांगितल्या. त्यांतील अखेरची अट अशी, की ही पद्धत वापरण्यास सोपी असावी. तिच्यासाठी मनावर ताण पडू नये आणि नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागू नये. सोपेपणा ही सवलत नसून सुरक्षेचाच एक भाग आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

नियम आहे, सवय नाही

आपल्याकडे नियमांची उणीव नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली आला. त्याने डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता दिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने ई-मेलविषयक धोरण जाहीर केले. गोपनीय व संवेदनशील ई-मेलसाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र व कूटबद्धता अनिवार्य राहील, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात कूटलेखनाविषयी एका राष्ट्रीय धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. बंद केलेल्या मजकुराची उघडी प्रत नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावी, अशी अट त्यात होती. तिच्यावर टीका झाली आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेण्यात आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला.

एवढे असूनही, आपल्या कार्यालयातील किती संगणकांवर ई-मेल बंद करण्याचे साधन बसविलेले आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. परिपत्रकाने सवय लागत नाही. जे हाताशी असते व एका कळीने चालते, त्याची सवय लागते.

जेथे सोपे केले, तेथे चालले

यावर कोणी म्हणेल, की आपल्या लोकांना हे झेपणारच नाही. हा आक्षेप मला मान्य नाही आणि त्याला पुरावे आपल्याच कचेऱ्यांत आहेत.

पहिले उदाहरण ई-निविदांचे. शासनाच्या 'महाटेंडर्स' या व्यवस्थेवर ठेकेदार निविदा भरतो, तेव्हा ती निविदा उघडण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्ल्यांनी बंद होते. ठरलेल्या वेळी ते अधिकारी आपापल्या खासगी किल्ल्या लावतात, तेव्हाच ती उघडते. ही हुबेहूब टपालपेटीची युक्ती आहे. आपले अभियंते व लेखा कर्मचारी ती वापरतात आणि तिचे गणित कोणी त्यांना विचारीत नाही. व्यवस्थेने किचकट भाग आपल्या पोटात घेतला, म्हणून हे साध्य झाले.

दुसरे उदाहरण ग्रामपंचायतींचे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' व्यवस्थेत सरपंच आणि ज्यांना आपण आजवर ग्रामसेवक म्हणत आलो ते ग्रामपंचायत अधिकारी, यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी देयके मंजूर होतात. ती स्वाक्षरी ज्या लहानशा उपकरणात असते, त्याला आपण डोंगल म्हणतो. त्यातही खासगी किल्लीच असते. येथे एक गोष्ट आपुलकीने सांगावीशी वाटते. काही ठिकाणी हे डोंगल आणि त्याचा पिन क्रमांक, दोन्ही संगणक चालकाच्या खणात असतात. सरपंच भगिनी अनेकदा म्हणतात, "मला त्यातलं काय कळतंय, भाऊच करतो ते." ताई, ते डोंगल म्हणजे आपली सही आहे. कोऱ्या धनादेशावर सही करून तो आपण दुसऱ्याच्या खणात ठेवीत नाही. तेवढीच काळजी येथे घ्यावी.

तिसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे. संगणकावरून उतरविलेले आधार पत्र बंद असते. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे व जन्मवर्ष हा त्याचा पासवर्ड. घाटकोपर किंवा बोरिवलीच्या स्टेशनबाहेरील झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिले, तर हा पासवर्ड आजीबाईंनाही तोंडपाठ असल्याचे दिसते. हे कुलूप कच्चे आहे, कारण नाव व जन्मवर्ष ठाऊक असलेला कोणीही ते उघडील. तरीही त्यातून एक धडा मिळतो. दोन ओळींत सांगता येईल असे कुलूप दिले, की कोट्यवधी लोक ते वापरतात.

चौथे उदाहरण व्हॉट्सॲपचे. एप्रिल २०१६ मध्ये त्या कंपनीने सर्व वापरकर्त्यांचे संदेश या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद केले. कोणाला काही शिकावे लागले नाही. मात्र यातून एक नवा प्रश्न निर्माण झाला. सोपे म्हणून कार्यालयाचे कामही तिकडे वळले. विद्यार्थ्यांच्या याद्या, पंचनाम्याची छायाचित्रे, रुग्णांचे अहवाल खासगी भ्रमणध्वनींवर साठू लागले. कर्मचाऱ्याची बदली झाली, की अभिलेख त्याच्याबरोबर जातो. सार्वजनिक अभिलेख जतन करण्याचे बंधन २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमाने आपल्यावर घातले आहे. तेव्हा अधिकृत ई-मेल सुरक्षित आणि सोपा करणे हाच खरा उपाय होय.

किल्ली हरवली तर?

कुलूप लावण्याचा आग्रह धरताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिचे उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ परक्यांच्या हाती जाऊन त्यांची अवहेलना होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. तो सफलही झाला. परंतु मराठीचे ते आद्य गद्य आणि काव्य कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमांनी त्या लिप्यांचे रहस्य उलगडले, तेव्हा कुठे हे भांडार सर्वांना खुले झाले.

पंथाच्या मठांतून ती किल्ली गुरुशिष्य परंपरेने जपली गेली, म्हणून ग्रंथ वाचले. आपल्या कार्यालयांत तशी परंपरा नाही. खासगी किल्ली असलेला संगणक बिघडला, अधिकारी निवृत्त झाले, पासवर्ड विसरला, तर बंद पत्रव्यवहार कायमचा बंद राहील. कारण या कुलपाला दुसरी किल्ली बनविणारा किल्लीवाला कोठेही मिळत नाही. म्हणून कार्यालयाच्या किल्लीची एक प्रत मोहोरबंद पाकिटात, तिजोरीत, दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असावी आणि पदभार सोपविताना तिची नोंद हस्तांतरण यादीत व्हावी. पत्र आल्यावर उघडून त्याची प्रत नस्तीत लावावी. ही पथ्ये कठीण नाहीत. तिजोरीच्या किल्ल्यांबाबत आपण ती पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो आहोत.

उद्यापासून काय करता येईल

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. शिक्षक बंधु-भगिनींनी उद्यापासूनच एक गोष्ट करावी. विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये असेल, तर 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट वर्कबुक' आणि 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' या क्रमाने जाऊन तिला पासवर्ड लावावा. २००७ व त्यानंतरच्या आवृत्तीत, नव्या स्वरूपात जतन केलेल्या फाइलचे हे कुलूप चांगले आहे. जुन्या स्वरूपातील फाइलचे कच्चे असते. तेथेच 'प्रोटेक्ट शीट' असाही पर्याय दिसतो. तो केवळ चुकून होणारे फेरफार रोखतो. त्याला कुलूप समजू नये.

पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये लिहू नये. तसे करणे म्हणजे पेटीला कुलूप लावून किल्ली कडीला अडकविणे होय. तो दूरध्वनीवर सांगावा. जन्मतारीख, शाळेचे नाव, वाहनाचा क्रमांक टाळावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द निवडून ते रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो.

ज्यांचा संवेदनशील पत्रव्यवहार नित्याचा आहे, त्यांनी टपालपेटीची पद्धत स्वीकारावी. थंडरबर्ड हे विनामूल्य ई-मेल साधन आहे. पूर्वी त्यात कूटबद्धतेसाठी वेगळे जोड-साधन बसवावे लागे. २०२० पासून ती सोय त्याच्या पोटातच आहे. खात्याच्या मांडणीत 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' या शीर्षकाखाली नवी किल्ली तयार करता येते. समोरच्याची सार्वजनिक किल्ली एकदा घेतली, की पत्र बंद करण्यासाठी एक कळ पुरते. किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची आहे ना, याची खात्री तिच्या सोबतचा आकडे व अक्षरांचा ठसा दूरध्वनीवर एकमेकांना वाचून दाखवून करावी. परिचित आवाज हीच येथे उत्तम साक्ष होय. आणखी एक ध्यानात ठेवावे. पत्रातील मजकूर बंद झाला, तरी पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे पत्ते बाहेर दिसतातच. विषयाची ओळही उघडी राहू शकते. पाकिटावरच सगळी हकिकत लिहू नये, तसेच हे.

कार्यालय प्रमुखांकडे माझी पाच मागणी आहेत. पहिली, कोणते साधन वापरावे ते ठरवून त्याचे नेमके नाव व ते मिळविण्याचे अधिकृत ठिकाण सूचना फलकावर लावावे. कर्मचाऱ्याला शोधत फिरावे लागू नये. दुसरी, संगणक टेबलावर येतानाच ते साधन बसविलेले असावे. तिसरी, दूरध्वनी सूचीसारखी अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्ल्यांची एक सूची असावी. चौथी, प्रत्येक कार्यालयात एक तरी कर्मचारी नीट शिकलेला असावा आणि त्याने इतरांना शेजारी बसवून शिकवावे. पाचवी, सूचना मराठीत असाव्यात. भाषा संचालनालयाने पदनाम कोश आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले, त्यामुळे राज्यकारभाराची मराठी घडली. सार्वजनिक किल्ली, खासगी किल्ली, ठसा, रद्द करणे असे साधे शब्द येथेही रूढ करता येतील. जेथे मराठी शब्द अवघड वाटेल, तेथे लोकांच्या तोंडी असलेला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा. समजणे महत्त्वाचे.

कुलूप कोणासाठी?

समारोपापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे कुलूप कारभार झाकण्यासाठी नाही. ग्रामसभेचे ठराव, कामांचे अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेली रक्कम या जनतेच्या गोष्टी आहेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने त्या उघड्याच राहिल्या पाहिजेत. 'फाइल बंद आहे' हे उत्तर त्या बाबतीत कोणी देऊ लागला, तर तो या साधनाचा दुरुपयोग ठरेल. तसेच कायद्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेने रीतसर मागणी केल्यास कार्यालयाला मजकूर उघडून द्यावा लागेल, आणि त्यासाठीच किल्लीची प्रत जपून ठेवावयाची.

कुलूप लावावयाचे ते नागरिकाने विश्वासाने आपल्या हाती दिलेल्या माहितीला. रुग्णाचा आजार, तक्रारदाराचे नाव, विद्यार्थ्याची जात, विधवेचा बँक खाते क्रमांक या गोष्टी त्यांच्या आहेत. आपण त्यांचे केवळ राखणदार आहोत. शासन आपला कारभार उघडा ठेवते आणि नागरिकाचे खासगी जीवन झाकून ठेवते, तेव्हा लोकशाहीतील दोन्ही कर्तव्ये पार पडतात.

मुलुंडच्या, अंधेरीच्या किंवा पालघरच्या एखाद्या शाळेतून उद्याही यादी निघेल. तीत कदाचित अशीच एखादी मुलगी असेल आणि तिचा पत्ता कोणा एकापासून लपविणे आवश्यक असेल. यादी पाठविणारा लिपिक थकलेला असेल, घाईत असेल, त्याचे बोट चुकेल. माणसाकडून चूक होणारच. ती चूक त्या मुलीला भोवू नये एवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे. तंत्रज्ञांनी कुलूप बनविले आहे. ते शोधण्यास आणि लावण्यास सोपे करून प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचविणे, हे काम मात्र आपले, म्हणजे प्रशासनाचे, शिक्षकांचे व पंचायतींचे आहे. ते आपण करावे, अशी नम्र विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय महाराष्ट्र!